अंगावर काढलेलं

पलंगापासून मशीनपर्यंत दोन पावलं.
कामाला जायचा रस्ता एवढाच,
म्हणून कामाला न जाण्याचा रस्ता
या वूच शहरात मला सापडत नाही.

एप्रिल संपत आलाय.
मे महिन्यातल्या एका रविवारी
अकरा मुली पहिल्यांदा चर्चमध्ये प्रसाद घेणार,
अकरा पांढरे झगे दाराच्या चौकटीला टांगलेत,
त्यातल्या चारांना अजून बाह्या नाहीत.
पारा एकोणचाळीसला टेकलाय.

आईला गिरणीत डॉक्टर चिठ्ठी द्यायचा.
निळ्या शिक्क्याची. तीन दिवस.
ती घरी येऊन झोपायची, भिंतीकडे तोंड करून,
आणि तिकडे तिच्या मागापाशी
दुसरी कुणी उभी राहायची.
गिरणी एकदाच आजारी पडली,
तेव्हा कुणालाच चिठ्ठी मिळाली नाही.

माझ्या जागी उभा राहायला
हा कापडी पुतळा आहे फक्त.
त्याला हात नाहीत.

सकाळपासून फोन थरथरतोय.
निरोप सगळे मायेचे:
लवकर बऱ्या व्हा, बोगुमिवाबाई, पण.
काळजी घ्या हं, पण शनिवारी
आमच्या क्लेमेंतीनाला झगा घालून बघायचाय.
या 'पण'ला मी चांगली ओळखते.
उलट्या बाजूला लोंबणारा दोरा तो,
ओढला की अख्खी शिवण गोळा होते.

मी उठले होते. खोटं कशाला सांगू.
घाम टपकू नये म्हणून कपाळाला टॉवेल बांधला,
पांढऱ्यावर डाग पिवळा उमटतो.
एक बाही लावली.
दुसरी लावताना
टीप सरळ चाललीय
असंच वाटत होतं मला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची गेनोवेफा,
वय एक्याऐंशी, चावी तिच्याकडे असतेच,
काचेचे कप पदरात घ्यावेत तसे एप्रनमध्ये घेऊन आली.
पालथी हो, म्हणाली.
पेटता बोळा कपात फिरवायचा, काढायचा,
कप पाठीवर टेकवायचा.
कातडी आत ओढली जाते, जशी
कुणी मागून हाक मारावी.
बारा कप. मी ठिपक्यांचं कापड झाले,
स्वस्तातलं, उन्हाळी.

'सगळं अंगावर काढतेस,' ती म्हणाली.
लोकांच्या अंगावर घालायचं,
आपल्या अंगावर काढायचं.
हे मी बोलले की तापात नुसतं वाटलं,
आठवत नाही.

रास्पबेरीचा पाक घातलेला चहा ठेवून
ती खाली वाकली, एकेक गुडघा टेकत,
आणि मशीनचं पायडल उपटलं.
वायर लोकरीच्या लडीसारखी कोपराला गुंडाळली,
पायडल खिशात घातलं,
मांजराचं पिल्लू न्यावं तसं.
'गुरुवारी मिळेल.'
जिन्यात ती दोनदा थांबली. मी मोजलं.

चिडले. मग रडले.
मग तेवढाही जीव उरला नाही.
रात्री जाग आली तेव्हा
उजवा पाय चादर दाबत होता,
दाब, सोड, दाब, सोड,
आणि अंधारात काहीच शिवलं जात नव्हतं.

गुरुवारी पायडल आलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
सोबत बरणीभर बीटचं सूप.
मी ती दुसरी बाही खिडकीत उजेडाला धरली.
उलटी लागली होती. कोपर पुढे.
तो झगा घालून क्लेमेंतीनाला
हात जोडता आले नसते.

उसवायला बसले.
वरून फरशीवर काठी वाजली, टक टक:
गेनोवेफा विचारतेय.
दोरा न ओवता, कापड न लावता
मी एकदा पायडल दाबलं.
रिकामंच.
तिला ऐकू जावं म्हणून.