नऊ फुटी पंख

वहीच्या पहिल्या पानावर हसुरामकाकाने स्वस्तिक काढलं,
त्याखाली माझं अक्षर:
बांबू अठरा. बायंडिंग तार सात किलो.
कोंबडीची पिसं, तुर्भ्याच्या पोल्ट्रीवाल्याकडून, फुकट,
फक्त धुऊन घ्यायची.
(धुतली. तीन दिवस अख्ख्या दिवाळ्याला वास.
सुकट वाळवणाऱ्या बायकासुद्धा नाकाला पदर लावून.)

काका बावीस वर्षं जहाजावर बोसन.
कुठल्याशा फेब्रुवारीत इंजिन बिघडलं,
जहाज अडकलं पोर्ट ऑफ स्पेनला,
आणि याने पाहिलं, अख्खं शहर सोंग घेऊन रस्त्यावर.
पहाटे चारला चिखल फासलेली माणसं,
त्यात कोण मालक, कोण हमाल, कळेना.
दुपारी उंच काठ्यांवर चालणारे.
ते म्हणे आफ्रिकेतून दर्या ओलांडत चालत आले,
पाय एवढे लांब
की पाणी गुडघ्याला लागलं नाही.
"आन आपुन," काका म्हणाला,
"होडी असून खाडीच्या भायेर नाय जात."

तिथं कुणी विचारत नाही, बघायला येतेस का.
विचारतात, खेळतेस का.
हे त्याने मला शिमग्याच्या दोन महिने आधी सांगितलं
आणि खजिनदार करून टाकलं.

सोंग कसलं, यावर तीन बैठका.
पोरांना हवे होते सिनेमातले राक्षस.
काकाने नेरूळच्या पाणथळीकडे बोट दाखवलं.
लांबून येतात,
आपला चिखल खातात,
आणि गुलाबी होतात.
यापेक्षा मोठं सोंग कुठलं?
कुणी काही बोललं नाही. पंकज भोईर तेवढा म्हणाला,
गुलाबी चड्डी मी घालणार नाही.
(घातली.)

एकतीस नावं. पैसे एकोणीस जणांचे.
मी दिवसभर सीबीडीत दुसऱ्यांचे आकडे जुळवते,
संध्याकाळी दारोदार, वही काखेत.
चांगुणाआत्याने पैशांऐवजी दोन वाटे बोंबील दिले.
ते कुठल्या रकान्यात लिहायचे?
आई म्हणाली, सगली सोंगं आनता येतात गो,
पैशाचा सोंग नाय आनता येत.

तार वाकवायची कला काकाच्या बोटांत होती,
जाळं विणणाऱ्या बापाकडून आलेली.
तार तापवायची नाही, ओढायची नाही.
तिला जिकडे जायचंय तिकडे थोडं जाऊ द्यायचं,
मग हळूच वळवायची.
समाजमंदिराच्या हॉलमध्ये पंख पसरला,
टेप लावली: नऊ फूट.
आम्ही टाळ्या वाजवल्या.

आणि होळीच्या रात्री,
ढोल तापले, ब्रास बँडवाला येऊन बसला,
काका पंख बांधून गल्लीच्या तोंडाशी आला
तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं
की गल्ली चार फुटांची आहे.

एवढी शांतता मी कोळीवाड्यात ऐकली नव्हती.
दोन महिने आम्ही मापं घेतली
माणसांची, बांबूंची, उधारीची.
घराची घेतली नव्हती.
डोक्यात रस्ता होता त्या परक्या शहराचा,
ट्रक मावतील एवढा.

काका हलला नाही. मग एक खांदा पुढे केला,
एक मागे,
आणि आडवा चालू लागला.
चिंबोरीसारखा.
त्याच्यामागे पंकज, त्याच्यामागे भारती कोटकर, पोटुशी,
मग सगळेच, एकोणीस पैसेवाले, बारा बिनपैसेवाले,
आडवे, आडवे,
पिसं भिंतींना घासत,
आणि ढोलवाल्याला तो ठेका आधी सापडेना,
मग सापडला.

मी वही शेवंतामावशीच्या खिडकीत ठेवली.
कुणीतरी खाडीचा चिखल माझ्या गालाला लावला,
थंड, खारट, तेलाचा थोडा वास येणारा.
कोण होतं, अजून माहीत नाही.

सकाळी हिशेब: दोन हजार तीनशे चाळीस रुपये कमी.
पंख डावीकडून तुटलेला.
काका पायरीवर बसून तार सरळ करत होता.
"पुढल्या वर्साला," तो म्हणाला,
आणि पुढचं बोलायच्या आधी
मला चहा आणायला पाठवलं.