खात्री करणे

पाण्याच्या टाकीवर एक, शाळेच्या गच्चीवर एक,
तिसरा कान राइस मिलच्या पत्र्यावर.
साहेब म्हणाले, सहा महिने प्रयोग आहे.
गोळी सुटली की नागपूरला कळेल,
नागपूरहून तुझ्या मोबाईलवर येईल.
तू फक्त जायचं, कुळमेथे,
आणि खात्री करायची.

माझ्या नावे एक रजिस्टर आलं. रकाने सात.

पहिली नोंद, रात्री एक वाजून वीस.
गोळीबार, शक्यता एक्क्याण्णव टक्के.
मी आणि ड्रायव्हर पेंदाम, बांधावरून,
टॉर्च विझवून, चिखलात बूट सोडत.
मचाणावर श्रावण गहाणे,
हातात पीव्हीसीचा पाईप, खिशात कार्बाइडचे खडे.
"डुकरं येतेत ना बाई.
धान का त्याइलेच चारू?"
लिहिलं: गोळी नाही.

दुसरी, ट्रॅक्टरचा सायलेन्सर.
सातवी, उपसरपंचाच्या मिरवणुकीतला सुतळी बॉम्ब;
गळ्यातला हार तसाच ठेवून
उपसरपंच आधार कार्ड शोधू लागले.

अकरावी, दार.
नुसतं दार आपटलं होतं कोणीतरी.
बाई उंबऱ्यावर बसलेली, ओठ सुजलेला.
मशीनचं चुकलं होतं
आणि घर बरोबर सापडलं होतं.
सात रकान्यांत त्याला जागा नव्हती.
गोळी नाही, असं लिहून
मी तासभर तिथेच बसले.

मग सूचना कमी होत गेल्या.
आठवड्याला नऊ, मग तीन, मग एकही नाही.
डिसेंबरात जिल्ह्याच्या सभागृहात
पडद्यावर एक रेघ उतरत गेली
टेकडीवरून गुरं उतरावीत तशी.
गोळीबाराच्या घटनांत शंभर टक्के घट.
टाळ्या. चहा. काजूची बिस्किटं.
गोळी एकही नव्हती, पहिल्या दिवसापासून,
हे माझ्या अक्षरात लिहिलेलं रजिस्टर
मांडीवर होतं. कोणी मागितलं नाही.
मीही हात वर केला नाही.

त्याआधीची गोष्ट, धान कापणीला यायच्या सुमाराची.
गस्तीवरून परतताना गहाणेचा बांध लागला.
अर्धी बांधी लोळवलेली, ओंब्या चिखलात.
"पाईप कुठाय?"
"माळ्यावर टाकला बाई. वाजवला का
तुमची गाडी येते. पोरगं घाबरते."

तो मचाणावर बसून जर्मनची थाळी वाजवत होता,
मधूनच टाकीकडे बघत,
हळू,
डुकरांना ऐकू जाईल
आणि नागपूरला जाणार नाही
एवढ्याच बेताने.