मंडई, सकाळी साडेसात

काळा दगड काळ्यानं रंगवायचा नसतो,
हे कळायला मला चाळीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवावं लागलं.
निळा घेतला, त्यात थोडा जळका तांबूस,
आणि मनोऱ्याची जी बाजू इथून दिसतच नाही
तीही हाताला जाणवायला लागली.

पाणी झगडेबाईंचं,
कोथिंबिरीवर शिंपडायच्या तांब्यातलं, अर्धा कप.
"माल भिजवायला आणलंय, कागद नव्हे," म्हणाल्या.
तरी ओतलं.

टोमॅटोचा ढीग लावला, तोवर
कुणीतरी दोन किलो नेले.
वांगी जांभळी होईस्तोवर वांगी संपली.
चित्रात पाटी शिगोशीग, समोर तळ दिसतोय.
"तुमचं बरंय, घटतच नाही काही."

कौलांवर ऊन उतरलं. कबुतरं मी गाळली.
रिक्षाचा पिवळा ओघळला, तो लिंबांत खपवला.
मेट्रोचे पत्रे आधी वगळले होते,
मग म्हटलं, लबाडी कशाला,
ओढली राखाडीची एक पट्टी.

दहाला त्यांनी मान वाकडी करून पाहिलं.
"आन् मी?"

तराजूमागं कागद कोरा होता,
एका माणसाएवढा.
जलरंगात पांढरं लावत नाहीत, सोडतात,
असं काहीतरी सांगणार होतो.
खरं म्हणजे जमलं नव्हतं.

बराच वेळ बघत राहिल्या.
"असू द्या. गाळा धरून ठेवलाय ना.
बसते उद्या."

आणि कपातलं गढूळ निळं
फरशीवर ओतून
मेथीच्या जुड्या बांधायला लागल्या.