फक्की

लिलावात सगळं गेलं. बाकं, घंटा,
एकशे बारा हेल्मेटं, त्यातली नऊ तडकलेली.
या वह्यांवर मात्र कुणी बोली लावली नाही
म्हणून त्या माझ्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी.
मी डेलबर्ट विकरशॅम. एकतीस वर्षं
ओहायोतल्या या टेकडीवर मैदानाला फक्की मारली.

पहिली वही १९०३ ची. अक्षर प्राध्यापक कॉपॉक यांचं.
ते लॅटिन शिकवायचे,
खेळाचे नियम टपालाने मागवून
आदल्या रात्री वाचून ठेवायचे.
नाव फुटबॉल, आणि चेंडू काखेत घेऊन पळायचं,
यावरच त्यांनी दीड पान खर्च केलंय.
पहिला सामना: आपण शून्य, ते एक्क्याऐंशी.
खाली बारीक अक्षरात:
'चेंडू एकच होता. तो बहुतेक वेळ त्यांच्याकडे होता.'

हे क्वेकरांचं गाव. बंदुकीला हात न लावणारी,
रविवारी तासभर गप्प बसून
आतला आवाज ऐकणारी माणसं.
त्यांच्या पोरांनी शनिवारी
दुसऱ्याच्या बरगड्यांत खांदा घालायचा?
वडीलधारी मंडळी यावर तीन वर्षं विचार करत बसली.
गप्प बसूनच. तोवर पोरं खेळत राहिली.

१९०७. एलवूड हॅडलीने समोरच्याचं गळपट्टीचं हाड मोडलं.
मग रेल्वेने त्याच्या गावी गेला
आणि तीन आठवडे त्याच्या गाई पिळल्या.
तेव्हापासूनचा रिवाज:
सामना संपला की आमचा कप्तान
त्यांच्या गाडीपाशी जाऊन विचारणार,
'कुणाला लागलं का?'
आम्ही बहुधा हरलेलो असायचो.
त्यांना वाटायचं, टोमणा मारतोय.

१९१८: 'ताप. अकरा जण उभे राहू शकत नाहीत.'
एवढंच. पुढचं पान कोरं, त्याच्या पुढचंही.

१९४३ ला संघ नव्हता. अर्धे लढाईवर,
अर्धे लढाईला नकार देऊन
ओरेगॉनच्या जंगलात रोपं लावायला.
ऱ्होडा पेनिंग्टन, फीच्या खिडकीत बसणाऱ्या,
दोन्हीकडची पत्रं वहीत डकवत गेल्या.
नकार देणारे वेगळ्या पानावर ठेवा, असं कुणी म्हणालं.
त्या म्हणाल्या, माझ्याकडे डिंक एकाच बाटलीत आहे.

१९६१. एकही हार नाही. एकच बरोबरी, सहा-सहा,
नदीपलीकडे, केंटकीत.
हॉटेलवाल्याने सगळ्यांना खोल्या दिल्या,
व्हर्नल टिब्जला नाही.
वहीत त्याचं भाषण नाही, निषेध नाही:
'रात्र बसमध्ये. सकाळी माना अखडलेल्या.
सगळ्यांच्या.'

माझ्या काळातलं मी काय सांगू.
सलग चौतीस पराभव.
टीव्हीवाले आले ते त्यासाठीच.
त्या दिवशी पोरं जिंकली असती तर
बातमी बुडाली असती; पोरांनी बुडू दिली नाही.
शेवटच्या वर्षी सव्वीस जण उरले होते,
सरावाला दोन्ही बाजू पुऱ्या करायला
कधी कधी मीच उभा राहायचो, गुडघा सांभाळत.
मग कॉलेज बंद झालं.
शेवटच्या सामन्याचा निकाल मीच लिहायचा होता.
लिहिला नाही अजून.

मैदान इरा हर्शबर्गरने घेतलं. आमिष माणूस, घोड्यांवर शेती.
गोलाचे खांब कापून त्याने गोठ्याला वासे केले
आणि लसूणघास पेरलं.
मे महिन्यात मला बोलावणं आलं.
बांधावरून बघतो तर
हिरव्यात हिरव्या रेघा,
दर पाच यार्डांवर एक, वीतभर उंच, गडद,
पार या टोकापासून त्या टोकापर्यंत.
शंभर वर्षांचा चुना. खालची माती आंबट.

माझ्या घशात काहीतरी आलं. इराला ते दिसलं नसावं.
तो खाली बसला, रेघेवरची मूठभर माती
बोटांनी चुरली, हुंगली.
'हे तुझं काम?'
म्हटलं, माझं, माझ्या आधी दोघांचं.
त्याने रेघेकडे पाहिलं, मग रेघांमधल्या
पिवळट, खुरट्या घासाकडे.
'मग मधलं का सोडलंत?'