उडालेली नीळ

त्या चित्रात सकाळचे अकरा वाजलेत.
हे आता मला एकटीला ठाऊक आहे.

बाबा खडकावर, मांडीवर फळी,
पायांत मोज्यांचे दोन जोड, वरचा आईचा.
मी पाणी धरायला. पत्र्याचा डबा
बोटांना डसत होता,
आणि समोर ओहोटीने उघडी पडलेली खाडी,
मैलोन्‌मैल वाळू, तिच्यावर शिंपल्या वेचणाऱ्या बायका,
मुंग्यांएवढ्या.

मी पेटीत पांढरा शोधत होते.
"पांढरा विकत मिळत नाही, टॅबिथा. तो राखायचा असतो."
म्हणजे कागद. जिथे ऊन होतं
तिथे त्यांनी कुंचला नेलाच नाही.
घरातही त्यांचं तसंच. जे आवडे
त्याला हात लावत नसत.
आईला हे कळायला वीस वर्षं लागली,
मला जरा जास्त.

मग आभाळ. ग्रेंजच्या बाजूने पाऊस येत होता.
बशीत नीळ, त्यात चिमूटभर विटकरी,
ओल्या कागदावर एकच हात.
ढग ओघळायला लागला.
त्यांनी फळी तिरकी केली, श्वास धरला,
आणि ढगाला जायचं तिथे जाऊ दिलं.
वाळावं म्हणून मी फुंकर घातली.
फुंकरीबरोबर थुंकीही उडाली.
तो डाग अजून आहे. जाणकार म्हणतात, समुद्रपक्षी.

दोन गिन्यांना गेलं ते, प्रेस्टनच्या एका गिरणीवाल्याकडे.
चाळीस वर्षं खिडकीसमोर टांगलेलं.
उजेडाने नीळ तेवढी खाल्ली,
विटकरी ठेवली.

काल त्यांच्या सुनेने चहाला बोलावलं.
"काय सुरेख संध्याकाळ!" मिसेस ऑर्मरॉड म्हणाल्या,
"सगळं आभाळ गुलाबी. आणि त्या बिचाऱ्या बायका
दमून घरी निघालेल्या."

मी चष्मा पुसला. खरंच,
आभाळ बदललं तशा त्या परतीला लागल्या होत्या.
त्या सकाळी तर त्यांच्या टोपल्यांचे बूड
नुसते झाकले होते,
भरतीला तीन तास होते,
आणि बाबा मला म्हणाले होते,
"डबा हलवू नकोस."

"हो," मी म्हटलं, "संध्याकाळी त्यांचा हात चांगला चाले."
केकचा तुकडा घेतला. कोरडा होता.

परतताना सिल्व्हरडेलच्या चढावर
पावसाने गाठलं, ग्रेंजकडूनच आला,
तोच निळा, जसाच्या तसा,
कुणी उडवला नव्हता.
छत्री उघडायला
मी जरा वेळ लावला.