नंबर नसलेला निळा

रुवीच्या हार्डवेअर गल्लीत, रंगाच्या दुकानात
एकोणीस वर्षं मी डबे हलवतोय.
यंत्रात नंबर टाकायचा, पांढऱ्यात थेंब पडतात,
झाकण ठोकायचं, तीन मिनिटं थरथराट,
की कुणाची तरी बेडरूम तयार.

जूनमध्ये सगळ्यांना निळा हवा असतो.
बाहेर अठ्ठेचाळीस, स्टिअरिंगला हात लावता येत नाही.
आत येतात, कॅटलॉग उलटतात,
आणि बोट नेमकं त्या पानावर थांबतं
जिथे निळा जवळजवळ नाहीच.
रंगाने खोली गार होत नाही, हे मी सांगत नाही.
एसी लागतोच. बिलही तेवढंच येतं.
धंद्यात सगळं खरं बोलून चालत नाही,
आणि खरं विचाराल तर
मलाही नक्की ठाऊक नाही.

त्या दिवशी शम्सा आली, सूरची, सत्तरीपुढची,
नातवाच्या खांद्याला धरून.
काउंटरवर रुमालाची गाठ सोडली.
आत गिलाव्याचा पोपडा, बिस्किटाएवढा.
जुनं घर पाडताहेत, नातवाने सांगितलं,
नव्या घरात हिच्या खोलीला हाच हवाय.

यंत्राच्या डोळ्याखाली पोपडा धरला.
यंत्र म्हणालं, राखाडी.
पुसून परत धरला. म्हणालं, पांढरा, मळका.
नातू ओशाळला. हिंदीत म्हणाला,
कुठलाही द्या, हिला कळणार नाही.
हिला हिंदी कळत होतं.
"बारिद," ती मला म्हणाली, आणि तळहात
हवेत असा टेकवला
जशी तिथे भिंतच होती.
गार.
तिला तो रंग बघायचा नव्हता,
पाठ टेकायची होती त्याला.

तेव्हा मला ओळख पटली.
वेंगुर्ल्याला चवथीच्या आधी
आई चुन्याच्या बालदीत नीळ सोडायची,
कपड्यांचीच, पुडीतली.
चिमूट जास्त पडली तर शेजारची सुलोचना कुंपणावरून विचारायची,
"भिंतीक धोतर नेसवलंस काय गो?"
कमी पडली तर चुना पिवळा, कावीळ झाल्यासारखा.
नेमकी पडली तर भिंत पांढरीच.
फक्त दुपारी दोनला,
जेवून आडवं झाल्यावर, डोळे मिटता मिटता
निळी.

यंत्र बंद केलं. हाताने केला.
पांढरा, निळ्याचे दोन थेंब, काळ्याचा अर्धा.
अर्धा थेंब काडेपेटीच्या काडीने घ्यायचा असतो,
तो कुठल्या यंत्रात नाही.
पुठ्ठ्यावर पट्टा ओढला, पंख्यासमोर धरला.
ओला रंग खोटं बोलतो,
वाळेपर्यंत थांबा, म्हटलं.
थांबली. खुर्ची दिली ती घेतली नाही.
वाळल्यावर हात नाही लावला तिने,
गाल लावला.
नातू मोबाइलमध्ये काहीतरी शोधत राहिला.

चार डबे गाडीत ठेवले.
नंबर लिहून द्या, तो म्हणाला, पुढे लागला तर.
नंबर नाही, म्हटलं.
माणूस आहे. व्हिसा संपेपर्यंत.

तळाला उरला होता वाटीभर.
फेकायचा कसा?
वादी कबीरच्या आमच्या खोलीत आठ खाटा,
दोन-दोन मजली, माझी खालची, भिंतीकडची.
पडल्यापडल्या हात पोचेल तेवढाच भाग रंगवला,
कोपरापासून उशीपर्यंत,
मालकाला दिसू नये म्हणून कडा बोटाने विझवल्या.

दुपारी एक ते चार दुकान बंद.
वरच्या खाटेवरून शाजी वाकला, कासरगोडचा,
सगळ्या गोष्टीत नाक खुपसणारा.
कुठे रंगवलंस म्हणे?
मला तर सगळं पांढरंच दिसतंय.

म्हटलं,
मग चिमूट बरोबर पडली.
आणि कुशीवर वळलो.