तीन नंबरची पिन

जुलै संपत आला की असोळण्याला माझ्या दुकानात
समुद्र येतो, तुकड्यातुकड्यांनी, प्लास्टिकच्या पिशव्यांतून.
वायरलेस सेट, जीपीएस, इंजिनाचे मीटर.
एक ऑगस्टला ट्रॉलर सुटणार,
त्याआधी सगळ्यांना सगळं हवं.
झाकण उघडलं की आधी वास येतो,
बांगड्याचा, डिझेलचा;
मग दिसतो कनेक्टर,
वर्षभर न घासलेल्या समईसारखा हिरवा.

काल बिरंची आला. ओर्लांद फुर्तादोच्या ट्रॉलरचा तांडेल,
ओडिशाचा, पण कोकणी माझ्यापेक्षा बरी बोलतो.
टेबलावर फिश फाइंडर ठेवला नि म्हणाला,
"बाय, हा खोटं सांगतो.
काब द रामच्या समोर पाणी चौदा मीटर,
लाट आपटली की ब्याण्णव,
मग नुसता काळा पडदा.
शेवटचे पंधरा दिवस दोरीला स्पार्क प्लग बांधून
खोली मोजत फिरलो."

लाट आपटली की, म्हणजे कुठेतरी टाका सैल.
डबा उलटा केला.
मागच्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका.
माझाच. मी बंद केलेल्या प्रत्येक डब्यावर लावते,
नंतर दुसऱ्या कुणी हात घातला तर कळावं म्हणून.

भिंग लावलं, दिवा आडवा धरला.
आठ पिना. सात चकचकीत.
तिसरी राखाडी, दाणेदार,
बुडाशी केसाएवढी गोल भेग.

शांबा सांगायचा,
मुरगाव बंदरातल्या रेडिओच्या खोलीत जन्म काढलेला,
एका डोळ्याने अधू:
"कथिल नको गो वितळवू. पिन तापव, पॅड तापव,
कथिल आपल्या पायांनी येतं.
मग तीन मोज.
तीन होईपर्यंत देव दारात आला तरी
बोर्ड हलता कामा नये."

देव नव्हता आला. फोन आला होता,
दोन वर्षांपूर्वी, मडगावच्या हॉस्पिसियोतून, शांबाच्या भाच्याचा.
मी दोनपर्यंत मोजलं होतं.

तर माझा त्या दुपारचा हात
इथे गोठून राहिलाय, दीड मिलिमीटरात,
आणि तो तसाच घेऊन ही माणसं
दोन मोसम समुद्रावर गेली.

जुना कनेक्टर अख्खा उपटायचा नसतो, पॅड सुटून येतात.
आधी प्लास्टिक कातरायचं, चुरा होईतो,
मग एकेक पिन एकटी, तापवून, चिमट्याने,
पोराच्या दुधाच्या दातासारखी.
भोकांतलं कथिल तांब्याच्या वेणीने टिपायचं.
पुसायला गेले तर स्पिरिट संपलेलं.
बिरंचीने पिशवीतून बाटली काढली. "फेणी चालेल?"
नको, तिच्यात पाणी असतं.
"पाणी?" तो बाटलीकडे बघत राहिला.
"ओर्लांद म्हणतो, शुद्ध."

फार्मसीत जाऊन आले.
नवा कनेक्टर बसवला.
सात वेळा तीन मोजले.
तिसऱ्या पिनेला पाच.

बिलावर लिहिलं: कनेक्टर ऐंशी रुपये.
मजुरीपुढे रेघ.
"चूक माझीच होती," मी म्हटलं, "हात हलला होता."
त्याने बिलाची घडी टोपीत ठेवली.
"ओर्लांदला नको सांगू हां.
पुढच्या वेळीही रेघच मागेल."

संध्याकाळी कुटबणच्या जेटीवर
साळ नदीत सेन्सर सोडला.
पडदा उजळला. चार पूर्णांक एक.
खालून कुणी मासा गेला, कमानीसारखा, आणि मिटला.
मी वायर हलवली. आकडा हलला नाही.
पुन्हा हलवली.

बिरंचीने काही न बोलता
खिशातून दोरी काढली.
स्पार्क प्लग बुळुक करून बुडाला, तळाला टेकला.
ओली दोरी वर ओढून
छातीवरून हात पसरत त्याने मोजली:
एक वाव,
दोन वाव,
वर एक हात.